रुळाला मर्यादा आहे, मग माणसाला का नाही?



मार्च महिना उजाडला की प्रत्येक डेपोच्या आणि प्रत्येक मोठ्या पोस्ट ऑफिसच्या नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवला जातो. मजकूर दरवर्षी तोच. दुपारी १२ ते ३ या वेळात उन्हात बाहेर पडू नका. तहान नसली तरी पाणी प्या. सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घाला. कष्टाची कामे टाळा. खाली साहेबांची सही. त्याच बोर्डावर, शेजारीच, दुसरा कागद असतो. तो ड्यूटी रोस्टर. त्यात लिहिलेले असते की अमक्या गँगला १२.३० ते १४.३० ब्लॉक, तमक्या गेटवर सकाळी ८ ते रात्री ८ अमका, आणि बीट क्रमांक इतक्याचा पोस्टमन ११ वाजता टपाल घेऊन बाहेर.

हे दोन्ही कागद एकाच वेळी पाळता येत नाहीत. पहिला पाळला तर चार्जशीट, दुसरा पाळला तर सलाइन. तरी प्रशासन म्हणते, आम्ही कर्मचाऱ्यांना वेळेवर सावध केले होते. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. ऊन हे हवामान खात्याचे काम आणि त्यापासून बचाव ही कर्मचाऱ्याची खासगी बाब, अशी सोयीची वाटणी करून प्रशासन मोकळे झाले आहे. आम्ही म्हणतो, उन्हाचा प्रश्न हा ड्यूटीच्या तासांचा प्रश्न आहे आणि तो वाटाघाटीच्या टेबलावरच सुटला पाहिजे.

आधी रुळाची गोष्ट करू, कारण त्यात सगळे आले. लांब वेल्डिंग केलेल्या रुळाला, म्हणजे आपल्या एलडब्ल्यूआरला, एक ठरवून दिलेले ताणमुक्त तापमान असते. त्याला आपण टीडी म्हणतो. रूळ त्याच्या वर तापू लागला की त्यात दाब साठतो, आणि तशात कोणी खडी उकरली किंवा स्लीपर मोकळा केला तर रूळ सापासारखा वळवळून बाजूला फेकला जाऊ शकतो. म्हणून नियमच आहे की नेहमीच्या देखभालीची कामे रुळाचे तापमान टीडीच्या १० अंश वरपासून ३० अंश खालपर्यंत असेल तेवढ्यातच करायची. त्यापुढे रुळाला हात लावायचा नाही. यासाठी रुळाचा वेगळा थर्मामीटर आहे, नोंदवही आहे, आणि नियम मोडला तर जबाबदार धरायला एक अधिकारीही आहे. हा नियम चांगला आहे. हजारो प्रवाशांचे प्राण त्यावर आहेत, आणि आमच्या लोकांनी तो घाम गाळून पाळला आहे.

पण पुढे काय होते? तापमान टीडीच्या २० अंश वर गेले की हॉट वेदर पेट्रोलिंग सुरू होते. समजा एखाद्या भागात टीडी ४० अंश आहे. म्हणजे रूळ ६० अंशांवर गेला की माणूस बाहेर निघणार. खांद्यावर झेंड्या, फटाके आणि पाना, पायाखाली तापलेली खडी, दोन्ही बाजूंना पेटलेले रूळ, आणि मैलभर झाडाचे नाव नाही. जे तापमान लोखंडाला सोसणार नाही असे पुस्तकात छापले आहे, त्याच तापमानाला हाडामांसाच्या माणसाची ड्यूटी सुरू होते. रुळाला वरची मर्यादा आहे. पेट्रोलमनसाठी किती अंशांवर पाळी निम्मी करायची, किती अंशांवर बदली माणूस पाठवायचा, हे सांगणारा आकडा आम्हाला त्याच्या रोस्टरवर आजवर दिसलेला नाही.

गैरसमज नको. पेट्रोलिंग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ते झालेच पाहिजे. पण बीट लहान करता येते, तासाभराने माणूस बदलता येतो, वाटेत दोन ठिकाणी सावलीची चौकी आणि पाण्याचा माठ ठेवता येतो. यासाठी आणखी माणसे लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. जागा रिकाम्या ठेवायच्या, उरलेल्यांकडून दुप्पट चालून घ्यायचे, आणि वर त्यांना सुती कपडे घालण्याचा सल्ला द्यायचा, असा हा कारभार आहे.

याला दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले उत्तर असे, की तुम्हा लोकांना उन्हाची सवय असते. दुसरे असे, की गेटमनला काम काय असते, तो तर बसून असतो. दोन्ही उत्तरे शरीर कसे चालते हे ठाऊक नसल्यामुळे दिली जातात. म्हणून ते थोडे समजून घेऊ.

माणसाच्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ च्या वर गेली की उलटे होते, हवाच शरीराला तापवू लागते. मग एकच वाट उरते, ती घामाची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बीटरने खडी ठोकणारा माणूस तासाला चारशे-पाचशे किलोकॅलरी उष्णता आतूनच तयार करतो, उन्हाची वेगळी. म्हणजे नुसते जिवंत राहण्यासाठी त्याला तासाला लिटरभर घाम लागतो, आणि तो वाळावाही लागतो. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. तो वाया गेला. म्हणून थर्मामीटरचा एकटा आकडा फसवा असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर १४ माणसे उन्हाने गेली. त्या दिवशी तिथे चंद्रपूरसारखे ४५-४६ अंश नव्हते, अडतीसच्या आसपास पारा होता. पण हवा खाडीकाठची होती आणि डोक्यावर छप्पर नव्हते. कल्याणच्या किंवा पनवेलच्या ट्रॅकवरच्या साथीने 'आमच्याकडे कुठे विदर्भासारखे ऊन' असे म्हणू नये, ते यासाठी.

आता सवयीचे. सवय होते, हे खरे. रोज थोडे थोडे उन्हात काम केले तर आठवडा-दोन आठवड्यांत शरीर जास्त आणि लवकर घाम काढायला शिकते. पण महिनाभर रजेवर गेलेला माणूस ती सवय घालवून येतो. कोकणातून भुसावळला बदली झालेल्याकडे ती नसते. मे महिन्यात भरती होऊन पहिल्याच दिवशी गँगमध्ये उभ्या केलेल्या पोराकडे तर नाहीच नाही. उघड्यावर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या उष्माघाताच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या काही दिवसांतच होतात, असे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने नोंदवले आहे. म्हणजे 'सवय आहे' हा युक्तिवाद प्रशासनाला खरोखर मान्य असेल, तर नव्या माणसाला पहिले आठ-दहा दिवस कमी काम दिले पाहिजे. देता का? मग सवयीचे नाव घेऊ नका.

आणि बसलेल्या गेटमनचे. शरीर तापले की हृदय रक्त त्वचेकडे ढकलते, म्हणजे ते थंड व्हावे. आरामात असलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. तीव्र उष्णतेत, माणूस जागचा हललेला नसतानाही, हा आकडा दुपटीवर जाऊ शकतो. चुन्याचा हात न लागलेल्या स्लॅबखाली, चारही बाजूंनी तापलेल्या खोलीत बारा तास बसलेला गेटमन म्हणजे बारा तास चढ चढणारा माणूस. आता आपले नियम पाहा. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या १९४७ च्या निवाड्यापासून ड्यूटीच्या तासांची वर्गवारी चालत आली आहे. त्यात 'एसेन्शियली इंटरमिटंट' म्हणजे ज्याच्या ड्यूटीचा निम्मा किंवा अधिक वेळ निष्क्रियतेत जातो तो कर्मचारी. म्हणून त्याचे तास लांब. राजाध्यक्षांना आम्ही दोष देत नाही. बेबंद ड्यूटीला लगाम त्या निवाड्याने घातला, आणि आमच्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी तो झगडून मिळवला. पण निष्क्रियता मोजताना हात आणि डोळे मोजले गेले, हृदय मोजले गेले नाही. ४५ अंशांत निष्क्रिय असा क्षण नसतो. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुरते तरी या वर्गातले रोस्टर आठ तासांचे झाले पाहिजे, आणि ही मागणी आम्ही दयेपोटी नव्हे तर त्याच नियमातल्या व्याख्येवर बोट ठेवून करतो.

टपाल खात्यातल्या साथींची कहाणी वेगळी नाही, फक्त तिथे रूळ नाही. सकाळी टपाल येते, वर्गवारी होते, नोंदी होतात आणि पोस्टमन अकराच्या सुमारास बाहेर पडतो. म्हणजे नेमका ज्या वेळी बाहेर पडू नका असे खातेच सांगते, त्या वेळी. पूर्वी थैलीत पत्रे असत, आता पार्सले आहेत. जिन्यांची संख्या वाढली, लिफ्ट बंद, आणि सोसायटीच्या दारात 'डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई' ही पाटी. ग्रामीण डाक सेवकाला चार-पाच तासांच्या कामाचा मोबदला मिळतो, पण वाड्यावस्त्यांवरून परत यायला सायकलीला किती वेळ लागतो हे ऊन ठरवते. बऱ्याच ठिकाणी त्याचे शाखा डाकघर म्हणजे त्याच्याच घरातली पत्र्याखालची खोली. पंखा त्याचा, विजेचे बिल त्याचे.

आणि बाईमाणसाचे बोलायला नको का? आमच्या ट्रॅकवरच्या आणि बीटवरच्या भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत कुठे आडोसा नाही. त्यांना 'भरपूर पाणी प्या' असे सांगणारे परिपत्रक काढणाऱ्याने एक दिवस तरी त्यांच्याबरोबर चालून पाहावे. शौचालय ही उन्हाळ्यातली आरोग्याची मागणी आहे, हे आमच्याही पुष्कळ पुरुष कार्यकर्त्यांच्या उशिरा लक्षात आले.

रोज असे कोरडे राहून काम केल्याचा परिणाम मूत्रपिंडावर होतो. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, मधुमेह नसलेले तरणेताठे ऊसतोड कामगार मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट हे त्याचे मोठे कारण मानले जाते. तिथे काही ठिकाणी पाणी, विश्रांती आणि सावली यांचे वेळापत्रक आखले, तेव्हा मूत्रपिंडाच्या इजा कमी झालेल्या दिसल्या. औषध शोधायला कुणाला जावे लागले नाही.

आता मोजदादीचा प्रश्न. उन्हाने मेलेला माणूस कागदावर उन्हाने मरत नाही. तो 'हृदयक्रिया बंद पडून' मरतो. जगातला कोणताही माणूस मरतो तेव्हा हृदयक्रिया बंदच पडते! मग उष्माघाताची नोंद नाही, ड्यूटीवरचा अपघात नाही, आणि विधवेने पत्रव्यवहार करत बसावे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे नंतर अभ्यासकांनी एकूण मृत्यूंची संख्या ताडून पाहिली तेव्हा कळले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. मृत्यू मोजले म्हणून उपाय झाला. १ जून २०२४ ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याच्या मतदानात उत्तर प्रदेशात उष्णतेने निवडणूक कामावरचे ३३ कर्मचारी दगावल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. त्यात होमगार्ड होते, सफाई कामगार होते. देशाचे लक्ष तिकडे होते म्हणून तो आकडा बाहेर आला. एखाद्या आडगेटवर असे लक्ष कुणाचे असते?

'सेवा थांबवता येत नाही' हे प्रशासनाचे शेवटचे अस्त्र. थांबवा असे कोण म्हणते? वेळ बदला. केरळात कामगार आयुक्त दर उन्हाळ्यात आदेश काढून उघड्यावरची कामे दुपारी १२ ते ३ बंद ठेवतात, आणि केरळ काही बंद पडलेले नाही. कतारमध्ये परदेशी कामगाराला युनियन करायची मुभा नाही, तरी २०२१ पासून तिथे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरचे काम बंद असते. शिवाय ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायचे, असा नियम आहे. आपल्या रत्नागिरी-रायगडची पोरे तिथे या नियमाखाली काम करतात. त्यांचे भाऊ इथे, स्वतंत्र देशात, स्वतःच्या सरकारच्या नोकरीत, पेट्रोलिंगला निघतात. आणि खर्चाचे म्हणाल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ च्या अहवालात हिशेब मांडला आहे: उष्णतेमुळे भारताचे २०३० साली कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. तास वाया जाणारच आहेत. ते सावलीत बसून वाया घालवायचे की दवाखान्यात, एवढेच ठरवायचे आहे.

थोडे आपल्या घरातलेही बोलू. उन्हाचा मुद्दा आपल्या मागणीपत्रात आजवर शेवटच्या पानावर असे, आणि तडजोडीत पहिल्यांदा तोच गळे. काही शाखांनी तर ठराव पाठवले की उष्णतेसाठी वेगळा भत्ता द्या. सातव्या वेतन आयोगानंतर ट्रॅकवरच्या साथींना धोका व खडतर कामाचा भत्ता मिळाला, तो हक्काचा आहे, तो सोडायचा नाही. पण उन्हाचा भत्ता मागणे म्हणजे दुपारचे तीन तास विकायला काढणे. एकदा किंमत ठरली की वेळ बदलण्याची गोष्ट कायमची संपली. आम्ही या मागणीच्या विरोधात आहोत, आणि ज्या साथींना हे पटत नाही त्यांच्याशी पुढच्या कार्यकारिणीत उघड चर्चा करू. दुसरे म्हणजे गँगमधली मर्दुमकी. चक्कर येते म्हणून बसणाऱ्या पोराला 'शहरातून आलाय' म्हणून हसणारे आपलेच मुकादम आहेत. ते हसणे बंद झाले पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत जीव वाचवायचा तो आपणच. बरोबरचा साथी अडखळत बोलू लागला, भलतेच बोलू लागला, झोकांडी देऊ लागला, विनाकारण चिडू लागला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. कष्टाच्या कामात घामाने निथळणाऱ्यालाही तो होतो. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, बूट-कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा, आणि एकाने १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. दवाखाना दहा मैलांवर असेल तर ही पहिली वीस मिनिटेच निर्णायक असतात.

पाणी एकदम तांब्याभर नको, पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, आणि तासाला दीड लिटरच्या वर नको. दिवसभर नुसते पाणी पिऊन घामावाटे गेलेले मीठ भरून येत नाही. मीठ घातलेले ताक, पन्हे, लिंबू-साखर-मिठाचे पाणी किंवा ओआरएस घ्या. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मिठाचे आणि पाण्याचे प्रमाण रेल्वेच्या किंवा खात्याच्या डॉक्टरला उन्हाळ्याआधीच विचारून ठेवा. त्याने 'बघू' म्हटले तर लेखी मागा. खिशातला कांदा असू द्या, वडिलांनी दिला असेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पंचा भिजवून मानेवर टाका. चाळिशीच्या वरच्या कोरड्या हवेत नुसता पंखा अंग भाजतो, बनियन ओले करून त्याखाली बसा. कूलर जळगाव-अकोल्यात उत्तम चालतो, मुंबईच्या दमट हवेत तो फक्त ओल वाढवतो. गेटच्या स्लॅबला आणि पत्र्याला मार्चमध्येच पांढरा चुना मारून घ्या. बादलीभर चुन्याला कुणाची मंजुरी लागत नाही, आणि खोली दोन-तीन अंशांनी उतरते.

आता पुढच्या बैठकीसाठी. इटारसीपासून सिकंदराबादपर्यंत आणि बडोद्यापासून खड्गपूरपर्यंत जिथे जिथे हा विभाग वाचला जातो, तिथल्या शाखांनी युनियनच्या पैशांतून साधे थर्मामीटर घ्यावेत आणि गेट लॉज, गँगचे टूल रूम, आर.एम.एस.चा सॉर्टिंग हॉल आणि डिलिव्हरीची खोली अशा जागी लावावेत. सकाळी ८, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ५ चे आकडे साध्या वहीत ड्यूटीवरच्या माणसाच्या सहीनिशी लिहावेत, एप्रिल ते जून, एकही दिवस न गाळता. चक्कर, उलटी, पेटके, सिक रजा, जे घडेल ते त्याच ओळीत. वही जूनअखेर शाखा सचिवाकडे द्यावी. आणि जमेल तिथे एक थर्मामीटर साहेबांच्या दालनातही लावून घ्या. तिथला आकडा शेजारच्या रकान्यात लिहा.